इंजिन पाठीशी: यूकेत जुनी एमआरटू टर्बो घेताना आणि सांभाळताना

गेल्या दोन वर्षांत मला चार-पाच जणांनी तरी विचारलं असेल की दादा तुझ्यासारखी टोयोटाची एमआरटू घ्यायचीय, काय काय बघू, आणि दर वेळी मी पंधरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवतो आणि समोरचा ती अर्धी ऐकून गाडी घेऊन मोकळा होतो. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट टाइप करूनच टाकू. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या रेडिंगला, गाडी १९९४ ची, जपानहून आलेली टर्बो (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), सहा वर्षं झाली माझ्याकडे. मेकॅनिक वगैरे काही नाही, दिवसभर एक्सेल बघणारा माणूस आहे, पण या गाडीने बरंच शिकवलंय आणि त्याची फी पण नीट वसूल केलीय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, आडवं बसवलेलं आहे. रेडिएटर मात्र पार पुढे. गिअरचा दांडा तुमच्या हाताशी आणि गिअरबॉक्स पाठीमागे. गाडीत जे काही विचित्र आहे, जे काही महाग आहे आणि जे काही भारी आहे, ते सगळं इथूनच येतं. हे लक्षात ठेवलंत की पुढचं सगळं आपोआप समजत जातं.

कोणती एमआरटू

टोयोटाने एमआरटूच्या तीन पिढ्या काढल्या. पहिली १९८४ ची चौकोनी, तिच्यात काही ठिकाणी सुपरचार्जर (हवा कोंबणाराच, पण इंजिनच्या बेल्टवर फिरणारा) मिळायचा. तिसरी ती उघडी रोडस्टर, तिला कंपनीतून टर्बो कधीच आला नाही. कंपनीचा टर्बो हवा असेल तर दुसरी पिढी, १९८९ च्या शेवटी जपानमध्ये आली आणि १९९९ पर्यंत चालली, कोड एसडब्ल्यू२०. इंजिन थ्री-एस-जीटीई, १९९८ सीसी, चार सिलिंडर, बीडाचा ब्लॉक. (फ्रान्समध्ये या गाडीचं नाव नुसतं एमआर असं ठेवावं लागलं, कारण फ्रेंचमध्ये एमआरटू पटकन म्हटलं की शिवीसारखं ऐकू येतं. आपल्याकडे पण अशी नावं ठेवताना कोणीतरी विचारायला पाहिजे राव.)

आता यूकेतला मोठा घोळ. टर्बो इथे टोयोटाने अधिकृतपणे कधी विकलीच नाही. इथल्या शोरूममधून गेल्या त्या सगळ्या बिनटर्बोच्या. म्हणजे आज यूकेत जी टर्बो दिसते ती एकतर जपानहून आयात झालेली किंवा कोणीतरी साध्या गाडीत टर्बोचं इंजिन बसवलेली. त्यात अजून एक गंमत, इथल्या गाडीवर 'जीटी' लिहिलं असेल तर ती बिनटर्बोची, आणि जपानी गाडीवर 'जीटी' किंवा 'जीटी-एस' असेल तर ती टर्बो. जाहिरातीत 'एमआरटू जीटी' वाचून एक पोरगा साडेतीन तास ड्राइव्ह करून गेला होता बघायला, इंजिनचं झाकण उघडलं तर आत टर्बोच नाही. त्या विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, याने विचारलंच नव्हतं.

इंजिन बदललेली गाडी वाईटच असते असं नाही, पण किंमत वेगळी पाहिजे आणि इन्शुरन्सला ते सांगावं लागतं. ओळखायचं कसं तर जपानी गाडीवर एक छोटी धातूची प्लेट असते, तिच्यावर चेसिस नंबर, इंजिनचा कोड, रंगाचा कोड असं सगळं कोरलेलं असतं, तिच्यावर थ्री-एस-जीटीई दिसलं पाहिजे. आणि गिअरबॉक्स ई१५३ हवा, टर्बोला कंपनीने तोच दिला होता, मजबूत आहे. साध्या गाडीचा गिअरबॉक्स हलका, टर्बोची ताकद तो फार दिवस सोसत नाही. कन्व्हर्जन करताना पैसे वाचवायला जुनाच गिअरबॉक्स ठेवलेला असेल तर तिथूनच मागे फिरा.

जपानी टर्बोत पण दोन प्रकार आहेत. १९९३ च्या ऑक्टोबरच्या आधीच्या २२५ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), नंतरच्या २४५ पीएसच्या. जुन्यात हवा मोजायला झडपेचा एअर फ्लो मीटर असतो, टर्बोचं नाव सीटी२६. नव्यात तो मीटर गेला आणि प्रेशर सेन्सर आला, इंजेक्टर मोठे, टर्बो सीटी२०बी. नवं इंजिन जास्त साधं आणि जास्त दमदार, यात वाद नाही. सस्पेन्शनचं वेगळंच आहे. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना १४ इंची चाकं होती आणि कोपऱ्यात त्या पटकन शेपूट फिरवायच्या, तशी बदनामीच झाली होती, मग १९९२ च्या सुधारणेत मागचं सस्पेन्शन बदललं, १५ इंची चाकं आली, मागचे टायर रुंद झाले, ब्रेक मोठे झाले.

माझं मत विचाराल तर पैसे असतील तर १९९४ किंवा पुढची घ्या, पण गंजलेल्या ९६ पेक्षा कोरडी ९२ कधीही बरी. इंजिन दुसरं मिळतं, बॉडी दुसरी मिळत नाही.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी बघायला जायच्या आधी रजिस्ट्रेशन नंबर मागून घ्या आणि सरकारी साइटवर एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास काढा, फुकट आहे. कुठल्या वर्षी कशात नापास झाली, काय अ‍ॅडव्हायझरी दिली, सगळं दिसतं. लागोपाठ तीन वर्षं 'सिलला गंज' (सिल म्हणजे दाराखालचा भाग) असं लिहिलंय आणि चौथ्या वर्षी अचानक काहीच नाही, तर एकतर वेल्डिंग झालंय किंवा त्याच्यावर काळं अंडरसील फासलंय. वेल्डिंगचे फोटो आणि बिल असेल तर छान. नसेल तर खाली झोपून बघा.

मायलेजवर एकदम आरडाओरडा करू नका. या गाड्या जपानमधून किलोमीटरच्या मीटरसकट येतात, इथे कधीतरी कोणीतरी मीटर मैलात बदलतो, आणि इतिहासात ९८,००० वरून आकडा ६१,००० वर आलेला दिसतो. मला पण पहिल्यांदा वाटलं चोर आहे साला, मग कॅल्क्युलेटर काढला, ९८,००० किलोमीटर म्हणजे ६१,००० मैलाच्या आतबाहेर. म्हणजे हिशोब बरोबर होता. पण हिशोब जुळत नसेल आणि मालक 'इंपोर्टचं असंच असतं' म्हणून हसत असेल तर तुम्ही पण हसा आणि घरी या.

लॉगबुकवर म्हणजे व्ही५सी वर गाडी इथे पहिल्यांदा रजिस्टर झाल्याची तारीख असते, ती २००३ असली म्हणून गाडी २००३ ची होत नाही. खरं वर्ष वेगळं नोंदलेलं असतं ते बघा. एचपीआय चेक करा, काही पाउंड लागतात, त्यात कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, कधी राइट-ऑफ झाली का ते कळतं. राइट-ऑफ २०१७ च्या ऑक्टोबरच्या आधी झालेली असेल तर त्याचा प्रकार कॅट सी किंवा डी दिसेल, नंतर झालेली असेल तर एस किंवा एन.

गाडी अलीकडे आलेली असेल तर जपानी ऑक्शन शीट, म्हणजे तिथल्या लिलावातला तपासणीचा कागद, मागा. गाडीचा वरून काढलेला नकाशा असतो आणि त्यावर बारीक अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पॅनल ठोकून पुन्हा रंगवलंय आणि नीट बघितलं तर लाट दिसते, एस आणि सी म्हणजे गंज, डबल एक्स म्हणजे पॅनल बदललंय. अक्षराच्या पुढचा आकडा जितका मोठा तितकं प्रकरण मोठं. ग्रेडच्या जागी आर असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी. आर असूनही चांगल्या गाड्या असतात, फक्त आर असून साडेचार ग्रेडच्या चांगल्या गाडीचा भाव लावलेला चालणार नाही.

बघायला गेल्यावर

मालकाला आधीच सांगून ठेवा, इंजिन थंड पाहिजे. पोचल्यावर 'नमस्कार चमत्कार' करता करता झाकण उघडायला लावा आणि हात लावून बघा. कोमट लागलं तर विचारा का. थंडीत स्टार्ट करताना जे त्रास दिसतात ते लपवायला गाडी आधी गरम करून ठेवणारे खूप आहेत.

मग गंज. मागच्या चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूला बोट घाला आणि कडेकडेने फिरवा. मी माझी घेताना असंच बोट फिरवलं, डावीकडे गुळगुळीत, उजवीकडे एका जागी पापडासारखं काहीतरी बोटाखाली मोडलं आणि मातकट भुगा हातात आला. बाहेरून रंग चकाचक होता. त्या भुग्यावर मी ६०० पाउंड कमी करून घेतले आणि पुढे ती कमान नीट करून घ्यायला ९०० गेले, म्हणजे शेवटी शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा. दोन्ही बाजूंचे सिल बघा. पुढच्या डिकीत स्पेअर व्हील काढून खालचा तळ बघा. बाजूच्या हवेच्या गिलमध्ये वर्षानुवर्षं पाला साठतो, पाणी निचरायची भोकं बंद होतात आणि आतून सडायला सुरुवात होते.

खाली टॉर्च मारून बघायचं ते मुख्यतः पाण्याचे पाइप. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणून कूलंट गाडीच्या पोटाखालून लांबच्या लांब लोखंडी पाइपांतून जातं येतं. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते नेमकं तिथे बसतं. पाइपावर फोड आलेले दिसले तर ते काम तुमच्याच खिशातून होणार आहे असं धरून चाला. स्टेनलेस स्टीलचे बदली पाइप मिळतात, एकदा घातले की विषय संपला.

टी-बारची गाडी असेल, म्हणजे वरचे दोन काचेचे तुकडे निघतात ती, तर पायाखालचं कार्पेट दाबून बघा ओलं आहे का, सीटमागे बुरशीचा वास येतो का. रबर सील जुने झाले की गळतंच. आईची शपथ, माझी पहिल्या पावसाळ्यात, म्हणजे इथे बाराही महिने पावसाळाच, डाव्या मांडीवर थेंब थेंब करायची आणि बायको कुठे जायचं म्हटलं की आधी टॉवेल घ्यायची.

स्टार्ट करा. मागे एक माणूस उभा करा. थंडीत पांढरी वाफ येते ती चालेल. निळसर धूर आला तर तेल जळतंय, थोडा वेळ आयडलला ठेवून मग रेस केल्यावर निळा ढग आला तर टर्बोचे सील गेले असण्याची शक्यता जास्त. जुन्या सीटी२६ मध्ये वेस्टगेटच्या, म्हणजे जादा धूर बाजूला सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडाजवळ तडे जातात, ते टर्बो उतरवल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून टर्बो कधी रिबिल्ड केला का आणि कोणी केला हे बिलासकट विचारा.

इंजिन बेमध्ये कुठेतरी जपानीत लिहिलेलं स्टिकर दिसलं तर फोनचा कॅमेरा भाषांतरावर टाकून त्याच्यावर धरा. टायमिंग बेल्ट बदलल्यावर जपानी गॅरेजवाले तारीख आणि किलोमीटर लिहून स्टिकर लावतात. माझ्या गाडीचं अर्धं फाटलेलं होतं, पण आकडा शिल्लक होता, ९१,००० काहीतरी, आणि त्या एका चिटोऱ्यामुळे मला कळलं की बेल्ट इंग्लंडमध्ये आल्यापासून कोणीच बदललेला नाही.

अजून एक फुकटची तपासणी. इंजिन बेमध्ये डायग्नोस्टिकची छोटी काळी डबी असते, झाकणाच्या आत नावं लिहिलेली. टीई१ आणि ई१ या दोन भोकांत वाकवलेली पेपरक्लिप घाला, चावी ऑनला, इंजिन बंद. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. एकसारखा भराभर लुकलुकला तर सगळं ठीक. थांबून थांबून लुकलुकला तर मोजा, तीनदा, मग थांबून चारदा म्हणजे कोड ३४, टर्बोचं प्रेशर. पाचदा आणि दोनदा म्हणजे ५२, नॉक सेन्सर, इंजिनमधली ठोक ओळखणारा. मालक हे बघून जरा सरळ होऊन बोलायला लागतो, हा फायदा वेगळाच. आधी त्याची परवानगी घ्या पण, आणि बरोबर भोकं कुठली ते दोनदा वाचा.

चालवताना दुसरा गिअर. थंड असताना पहिल्यावरून दुसऱ्यात टाकताना करकर वाजतो का, आणि गरम झाल्यावर जोरात चौथ्यावरून तिसऱ्यात, तिसऱ्यावरून दुसऱ्यात. सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या रिंगा, गेलेले असतात बऱ्याचदा. दांडा खिचडीत पळी ढवळल्यासारखा फिरत असेल तर घाबरू नका, गिअरच्या केबल लांब आहेत आणि त्यांच्या टोकाचे बुश झिजतात, ते स्वस्तातलं काम. करकर मात्र स्वस्तातली नाही.

हँडब्रेक चढावर लावून बघा, मागचे ब्रेकचे कॅलिपर जाम होणं हा इथल्या हवेतला जुना रोग. हेडलाइट दोन्ही एकदम वर येतात का बघा, एक डोळा मारणारी गाडी फोटोत छान दिसते, एमओटीला नाही. आणि टेंपरेचरचा काटा. मध्याच्या जरा खाली येऊन तिथेच बसला पाहिजे. गाडी उभी असताना चढतो, चालल्यावर उतरतो, हीटरमधून मधेच थंड हवा येते, असं झालं तर कूलंटमध्ये हवा अडकलीय किंवा त्याहून वाईट. मनात खूपच भरली असेल तर शेवटी पैसे देऊन कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, चारही सिलिंडर मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या वर आणि एकमेकांत १४ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांबद्दल. जवळपास प्रत्येक टर्बोत कोणी ना कोणी हात घातलेलाच असतो. एक्झॉस्ट, एअर फिल्टर, कूलंटचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर, ठीक आहे. पण बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलाय आणि फ्युएल कट काढायची छोटी डबी बसवलीय असं दिसलं तर थांबा. कंपनीने ठरावीक बूस्टच्या वर गेलं की पेट्रोल तोडायची सोय इंजिन वाचवायला केली होती. ती डबी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खोटं सांगते की सगळं नॉर्मल आहे, मग हवा जास्त आणि पेट्रोल त्या हिशोबाने नाही, आणि पिस्टन जातो. बूस्ट वाढवायचाच असेल तर पेट्रोल पण वाढलं पाहिजे आणि कोणीतरी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, बसवून नीट मॅप केलेलं पाहिजे, त्याचा कागद मागा. 'माझा मित्र करतो हे' हा कागद नव्हे.

घेतल्यावर

पहिल्या महिन्यात गाडी पळवायची नाही, गाडीच्या किमतीच्या वर जे चार पैसे बाजूला ठेवलेत (ठेवलेत ना?) ते खर्च करायचे. टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि त्याच वेळी वॉटर पंप, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि पुन्हा तिथे शिरायला पुन्हा तेवढीच मजुरी. बेल्टची बाजू गाडीच्या उजव्या अंगाला आहे आणि इंजिन आणि बॉडीच्या मधे हात घालायला जेमतेम जागा. गॅरेजवाला जास्त तास लावतो म्हणून भांडू नका, एकदा स्वतः करून बघा, मनगटं सोलून निघतात. मग सगळी तेलं, प्लग, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर, व्हॅक्यूमचे बारीक होज. टर्बोच्या गाडीत एक दोन रुपयांचा होज चिरला तरी बूस्ट पडतो आणि माणूस टर्बो बदलायच्या गोष्टी करायला लागतो.

होजवरून आठवलं. इंजिन आणि सीटमागच्या भिंतीच्या मधे, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, कूलंटचा एक बोटभर होज आहे, त्याला इंग्लिशमध्ये सगळे 'होज फ्रॉम हेल' म्हणतात, आपण नरकातली नळी म्हणू. तिथे वरून हात जात नाही, खालून जात नाही, दिसत तर मुळीच नाही, आणि ती तीस वर्षांची असते. फुटली की कूलंट जातं. क्लच, टर्बो, काहीही कारणाने इंजिन खाली उतरवलं तर ती नळी बदलूनच वर चढवा, गॅरेजला लिहून द्या.

आणि कूलंट भरणं. हा या गाडीतला सगळ्यात मोठा खड्डा आणि मी त्यात पडलोय. एका गॅरेजने, नाव नाही घेत, रेडिएटर बदलला आणि नेहमीच्या गाडीसारखं वरून पाणी भरून टोपण लावून दिलं. घरी येताना एम-फोर मोटरवेवर ट्रॅफिक, काटा चढायला लागला, मी हीटर फुल केला तर थंडगार हवा, म्हणजे हीटरमध्ये पाणीच नाही, हवा भरलेली. हार्ड शोल्डरवर थांबलो, इंजिन बंद केलं, आणि जुलैच्या दुपारी कठड्याबाहेर उभा राहून रिकव्हरीची दीड तास वाट बघितली. नशीब हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं मधलं सील, वाचलं.

यात तेरा-चौदा लिटर कूलंट मावतं आणि लांब पाइपांत हवा अडकायला जागाच जागा. बरोबर पद्धत मॅन्युअलमध्ये आहे ती अशी की पुढे रेडिएटरला एक आणि हीटरला एक असे हवा काढायचे बारीक नळ आहेत, दोन्हींना पारदर्शक प्लास्टिकची नळी लावायची, मी माशाच्या टाकीच्या दुकानातून आणली, आणि नळ्यांची तोंडं पाणी भरायच्या तोंडापेक्षा उंच टांगायची, मी एक बॉनेटला आणि एक आरशाला बांधतो. हीटर फुल गरमवर ठेवायचा. मग इंजिनपाशी हळूहळू कूलंट ओतत राहायचं. नळ्यांत आधी बुडबुडे येतात, मग रंगीत पाणी चढायला लागतं, आणि दोन्ही नळ्यांत पातळी भरायच्या तोंडाइतकी सारखी आली की नळ बंद. घाई करू नका, चहा घेऊन बसा. माझा अर्धा तास जातो. नंतर इंजिन गरम करून थंड झाल्यावर पुन्हा पातळी बघायची. गॅरेजला देताना विचारायचं की हवा कशी काढणार, उत्तरात दोन नळ आले नाहीत तर गाडी परत घेऊन या.

पेट्रोल. जपानी गाडी तिकडच्या १०० ऑक्टेनवर ट्यून केलेली आहे. इथे साध्या पंपावर ९५ मिळतं आणि २०२१ पासून ते ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, झालंय. ते टाकू नका. सुपर घ्या, ९९ वालं, टेस्कोचं मोमेंटम किंवा शेलचं व्ही-पॉवर, जे जवळ असेल ते. लिटरमागे काही पेनी वाचवून इंजिन ठोकायला लावण्यात काही अर्थ नाही. टर्बोची गाडी दामटून आलात तर शेवटची दोन-तीन मिनिटं हळू चालवा, मग बंद करा, आणि बंद केल्यावर मागे पंखा फिरत राहिला तर दचकू नका, इंजिन बे थंड करायलाच तो आहे.

मागची डिकी इंजिनच्या मागे, खाली एक्झॉस्ट, त्यामुळे ती छान तापते. साउथॉलहून आणलेली मेथी-कोथिंबीर एकदा मागे टाकली, घरी येईपर्यंत भाजी शिजायलाच घेतलेली. भाजी पुढच्या डिकीत, कपडे मागच्या. दूध तर कुठेच नको.

चालवणं

इंजिन मधे म्हणजे सगळं वजन मधे, म्हणून गाडी भिंगरीसारखी वळते. पण भिंगरी एकदा फिरली की थांबत पण नाही. पुढच्या इंजिनच्या गाडीत वळणावर घाबरून आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सावरते. इथे वळणात असताना झटकन पाय काढला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट पुढे यायला निघतं. टर्बो असल्याने उलटा धोका पण आहे, ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या वळणात बूस्ट एकदम आला की तेच.

मी घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात, ओला राउंडअबाउट, वेग काही फार नाही, पुढच्याने ब्रेक मारला म्हणून मी पाय काढला. पुढचं आठवतं ते एवढंच की मी ज्या रस्त्याने आलो होतो तो रस्ता मला समोरच्या काचेतून दिसत होता. मागे कोणी नव्हतं. एका आजीने कुत्रा घेऊन थांबून बघितलं आणि मान हलवून निघून गेल्या.

नंतर टायरवरचा आकडा वाचला, मागचे टायर नऊ वर्षांचे. नक्षी भरपूर होती म्हणून मी बदलले नव्हते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, ते वाचा. १५ इंची गाडीला पुढे १९५/५५ आणि मागे २२५/५० लागतात, पुढचे मागे घालता येत नाहीत, चारही एकाच ब्रँडचे घ्या. पुढे नवे आणि मागे जुने असं कधीही करायचं नाही. जमलं तर एखाद्या एअरफिल्डवर ट्रेनरबरोबर अर्धा दिवस घालवा, गाडी सुटते तेव्हा कशी वाटते ते मोकळ्या जागेत कळलेलं बरं. नियम एकच, ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी, वळणात पाय स्थिर, बाहेर पडताना हळूहळू दाबा.

बाकीची किरकिर

इन्शुरन्स नेहमीच्या वेबसाइटवर काढू नका, इंपोर्ट टर्बो म्हटलं की आकडे वेडेवाकडे येतात. क्लासिक गाड्यांच्या ब्रोकरला फोन करा, वर्षाला खरंच कमी मैल चालवणार असाल तर तसं सांगा, आणि 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू' मागा, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार ते आधीच ठरतं. प्रत्येक मॉडिफिकेशन सांगा, आधीच्या मालकाने लावलेला एक्झॉस्ट पण.

लंडनमध्ये राहत असाल तर यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं रोजचं शुल्क. ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोमध्ये, म्हणजे विभागांत, लागू आहे, पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषण नियमात बसणारी पाहिजे, ही त्याच्या कितीतरी आधीची. दिवसाला साडेबारा पाउंड. रविवारी ईलिंग रोडला डोसा खायला जायचं तर डोसा वीस पाउंडाला पडतो. मी ट्रेनने जातो.

हिवाळ्यात मीठ पडायला लागलं की मी गाडी गॅरेजमध्ये लावतो, सॉर्न करतो, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवतो, त्याने टॅक्स थांबतो, बॅटरीला ट्रिकल चार्जर, टाकी पूर्ण भरून आणि हँडब्रेक न लावता गिअरमध्ये, नाहीतर मार्चमध्ये कॅलिपर जाम. टायरना जरा जास्त हवा.

आणि हो, दर वेळी कोणीतरी विचारतंच, परत जाताना भारतात नेता येईल का, स्टीअरिंग तर उजवीकडेच आहे. नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ही तीसची झाली. माझे बाबा आले होते तेव्हा त्यांना घाटातल्या रस्त्याने फिरवायची हौस चेडर गॉर्जला भागवून घेतली. दोनच सीट, त्यामुळे आधी बाबांना एक फेरी आणि मग आईला एक फेरी, आई उतरल्यावर म्हणाली एवढ्या खाली बसवून कशाला न्यायचं माणसाला.

पार्ट्सचं शेवटी सांगतो कारण आजच करायचं काम आहे. टोयोटा या गाडीचे पार्ट हळूहळू बंद करत चाललीय, आज मिळणारं रबर पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. टी-बारचे सील, कूलंटचे आकाराचे होज, गिअर केबलचे बुश हे गाडी घेतल्याबरोबर मागवून ठेवा, लागो न लागो. माझ्याकडे माळ्यावर एक खोका आहे, त्यात नरकातल्या नळ्या दोन आहेत. बायकोने त्या खोक्यावर मार्करने 'लोणचं' लिहून ठेवलंय, का ते विचारू नका.